लंडनमध्ये ट्यूब आणि बसने फिरताना या चुका टाळा

मुंबईची लोकल असो की पुण्याची पीएमपी, कुठून कुठे जायचं ते सांगून आधी तिकीट काढायचं ही आपली सवय. लंडनमध्ये ट्यूबच्या (म्हणजे भुयारी रेल्वेच्या) किंवा बसच्या रोजच्या प्रवासाला तिकीट लागतच नाही. ट्यूबला काँटॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) आत जाताना पिवळ्या रीडरवर टेकवायचं आणि बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. या दोन नोंदी जुळवून भाडं नंतर ठरतं. नवख्यांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा ही जोडी न जुळल्यामुळे. एकच टोक सापडलं की यंत्रणा कमाल भाडं लावून मोकळी होते.

जाताना कार्ड, येताना फोन

सगळ्यात फसवी चूक हीच. फोनमधल्या अ‍ॅपल पे किंवा गूगल पे मध्ये तेच कार्ड असतं, पैसे त्याच खात्यातून जातात, मग काहीही टेकवलं तरी काय फरक पडतो, असं वाटतं. फरक पडतो, कारण फोन रीडरला कार्डाचा मूळ नंबर देतच नाही. त्या फोनपुरता वेगळा नंबर देतो, आणि स्मार्टवॉच आणखी वेगळा. प्लास्टिकच्या कार्डाने आत गेलात आणि फोनने बाहेर पडलात, तर एका प्रवासाचे दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं.

सकाळचा अख्खा प्रवास कार्डावर आणि संध्याकाळचा अख्खा फोनवर केला तरी नुकसान होऊ शकतं, फक्त ते पटकन दिसत नाही. लंडनमध्ये दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत, त्याला डेली कॅप म्हणतात. सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही कॅप असते. दोन नंबर वापरले की दोन्हींचा हिशोब वेगळा चालतो आणि कॅप गाठणं अवघड होतं. म्हणून एक वस्तू ठरवा आणि तीच वापरा. फोन ठरवलात तर बॅटरी सांभाळा. तो वाटेत बंद पडला तर बाहेर पडताना टेकवायला काही उरत नाही, आणि तपासनीस आला तर प्रवास वैध असल्याचं दाखवता येत नाही. दंड १०० पौंड आहे, २१ दिवसांत भरला तर ५०.

अख्खं पाकीट रीडरवर ठेवू नका, भलतंच कार्ड वाचलं जाऊ शकतं. एका कार्डावर दोघांनाही जाता येत नाही, नवरा-बायको असलात तरी. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबने फुकट जातात. त्यांना घेऊन रुंद गेटमधून जा.

भारतातलं कार्ड चालत नाही?

बहुधा कार्ड बिघडलेलं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशातले आणि काँटॅक्टलेस व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही चालू करा, तेही निघण्यापूर्वी, कारण ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. परकी चलनाचा अधिभार प्रत्येक दिवसाच्या रकमेवर लागतो. काही आठवडे राहणार असाल तर ऑयस्टर बरं.

गेट नाही म्हणजे टेकवायचं नाही, असं नाही

डीएलआर म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे. तिच्या बऱ्याच स्थानकांवर गेटच नसतं. रस्त्यावरून जिना चढला की थेट फलाट. रीडर जिन्याजवळ खांबावर असतो आणि गर्दीत सहज नजरेतून सुटतो. हायबरी अँड इझलिंग्टनसारख्या स्थानकात गुलाबी रीडरही दिसेल. गाडी बदलताना त्यावर कार्ड टेकवलं की आपण महागडा झोन १ (मध्य लंडन) टाळून आलो हे यंत्रणेला कळतं आणि भाडं कमी लागू शकतं. आत-बाहेरच्या नोंदीसाठी मात्र तो चालत नाही.

बसचं उलट आहे: चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच लागतं, पण सगळीकडे तेच कार्ड हवं. मोठ्या चौकात एकाच नावाचे पाच-सहा थांबे असतात. थांब्याच्या खांबावरचं अक्षर नकाशाच्या अ‍ॅपशी ताडून पाहा, नाहीतर उलट्या दिशेच्या बसमध्ये बसाल.

नाव बरोबर, गाडी चुकीची

नॉर्दर्न लाइन मध्य लंडनमध्ये दोन फाट्यांनी जाते, बँक नावाच्या स्थानकामार्गे आणि चॅरिंग क्रॉसमार्गे. रंग एकच, म्हणून फलाटावरच्या पाटीवर ‘व्हाया’च्या पुढचं नाव वाचा. एजवेअर आणि एजवेअर रोड ही तर मैलोगणती लांबची स्थानकं आहेत.

हीथ्रो विमानतळावर टर्मिनल २-३ आणि ५ ला एलिझाबेथ लाइन आणि हीथ्रो एक्सप्रेस या दोन्ही रेल्वेगाड्या एकाच फलाटावर येतात, दोन्हींत कार्ड चालतं. चुकून एक्सप्रेसमध्ये चढलात तर पॅडिंग्टनला उतरताना भाडं कितीतरी जास्त जातं. घाई नसेल तर पिकॅडिली लाइन स्वस्त, वेळ साधारण तासभर.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्गाचे तुकडे बंद ठेवतात. रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचं असेल तर आदल्या रात्री ज्युबिली लाइन चालू आहे का ते पाहून ठेवा.

कमाल भाडं लागलंच तर

ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर खातं उघडून कार्ड जोडा. प्रवासांच्या यादीत अपुरा प्रवास वेगळा दाखवलेला असतो. कुठे चढलात किंवा उतरलात ते भरून परतावा मागा, आणि त्यासाठी आठ आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका. ऑयस्टर घेऊन लंडनबाहेरच्या रीडिंगला गेला असाल तर मात्र हा उपाय नाही: तिथे काँटॅक्टलेस चालतं, ऑयस्टर नाही. ऑक्सफर्डला दोन्ही चालत नाहीत, त्यासाठी वेगळं तिकीट आधीच काढावं लागतं.