फायटरची जखम आणि गाठ: औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

फायटर (बेटा) माशाच्या अंगावर काही दिसलं की लोक आधी औषध टाकतात आणि मग फोटो पाठवतात. फोटो हललेला, काच डागाळलेली, मासा पाठमोरा आणि खाली प्रश्न: ‘काका, कोणतं औषध टाकू?’ मी काही लिहायच्या आत दुसरा मेसेज येतो, ‘टाकलं.’

तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

जिथे काही नाही तिथे रोग शोधणं

मादीच्या पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे, एक पांढरा ठिपका असतो. ती अंडी बाहेर येण्याची नळी. ती गाठ नाही, इकही (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) नाही. इकचे दाणे अंगभर आणि परांवर पसरतात, शहाण्यासारखे एकाच जागी बसत नाहीत. कल्ल्यांखालून डोकावणारी काळपट झालर ही माशाची ‘दाढी’, चिडला की ती फुलवतो. आणि जेवणानंतर फुगलेलं पोट हे बहुतेक वेळा तुमच्या सढळ हाताचं काम असतं. एक-दोन दिवस उपास घडवा, मग ट्यूमरबद्दल बोलू.

भरत आलेल्या जखमेला बुरशी समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यात बरा होत आलेला मासा मरतो.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कातडी फाटली की त्या वाटेने पाणी आत शिरतं, क्षार बाहेर पडतात आणि माशाची ताकद ते निस्तरण्यात जाते. त्यामुळे शरीराला आधी ते भोक बुजवायची घाई असते. कडेच्या पेशी सरकत सरकत जखमेवर येतात, वर बुळबुळीत थर चढतो. कोमट पाण्यात हे काम फार लवकर सुरू होतं. काल लाल दिसणारी जागा आज दुधाळ दिसते ती यामुळे. चांगली खूण आहे ती.

एका कॉलेजच्या मुलाच्या माशाची कूस फिल्टरच्या तोंडाशी अडकून सोलवटली होती. मी त्याला पाणी बदल आणि गप्प बस, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘काका, पांढरं पडलंय, फंगस!’ मी फोटो बघेपर्यंत त्याने टाकीत मिथिलीन ब्लू हे निळं बुरशीनाशक औषध ओतलं होतं, वर मूठभर मीठ, आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून तीही. मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारले. पाणी निळंशार असल्याने टेस्ट किटचा रंगही धड वाचता येईना, आणि माशाच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया वाढतोय हे कळायला मार्ग उरला नाही. मासा पृष्ठभागाला तोंड लावून पडून राहिला. मुलाला वाटलं औषध कमी पडलं, म्हणून त्याने आणखी टाकलं. शेवटच्या फोटोत कूस स्वच्छ भरलेली दिसत होती. मासा तळाशी आडवा होता.

ओळखायचं कसं? काचेला नाक लावून, बाजूने टॉर्च धरून बघा. भरणारी जखम गुळगुळीत, चपटी आणि थोडी पारदर्शक असते. खरी बुरशी कापसासारखी उभी राहते आणि मासा वळला की तिचे तंतू पाण्यात हलतात. तिसरा प्रकार कॉलम्नॅरिसचा: तोंडाजवळ किंवा पाठीवर करडा-पांढरा, कधी पिवळसर कडेचा पट्टा, जो उद्यापर्यंत मोठा झालेला असतो. तो बुरशीसारखा दिसला तरी जिवाणूंचा रोग आहे. इथे ‘हीटर वाढवा’ हा सल्ला अंगाशी येतो. इकमध्ये तापमान वाढवण्याला अर्थ आहे, कॉलम्नॅरिस मात्र उबेत अधिक जोमाने पसरतो. खराखुरा कॉलम्नॅरिस असेल तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारून औषध द्या. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकणाऱ्यांसाठी एवढंच: जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतं, माशापर्यंत फारसं पोचतच नाही. फिल्टरची वाट मात्र लागू शकते.

मीठ अंदाजाने टाकणं

मीठ चांगलं आहे, पण चिमूट आणि मूठ ही मापं नाहीत. मी लिटरला 1 ग्रॅमने सुरुवात करतो, म्हणजे साधारण 5 लिटरला एक सपाट छोटा चमचा. गरज वाटली तर सावकाश 2 ग्रॅमपर्यंत नेतो. आधी मगमध्ये विरघळवायचं, थेट माशावर खडे टाकायचे नाहीत. आठवडा-दहा दिवसांच्या वर ठेवत नाही. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, हे विसरून रोज भर घालताना पुन्हा मीठ टाकणारे बरेच भेटतात. उडालेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने. बदललेल्या पाण्यापुरतंच नवं मीठ. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ही वेगळी वस्तू आहे, जखमेसाठी नाही.

मोठ्या टाकीतच उपचार करणं

झाकण असलेला, हीटर असलेला साधा टब पुरतो. पाणी 26-27 अंश, खोली कमी. फायटर वर येऊन हवा घेतो, दुखऱ्या अंगाने त्याला लांब पोहायला लावू नका. फिल्टर नसेल तर रोज पाणी बदला, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवून बदला. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन निघून जातो, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात त्याऐवजी असणारं क्लोरामाइन जात नाही. म्हणून मी अँटी-क्लोरीनच वापरतो.

गाठ कापणं, खरवडणं, टोचणं

हे वाचून हसू नका, लोक करतात. ब्लेड, नेलकटर, सुई. ‘वरवरचीच होती’ असं नंतर सांगतात.

परांच्या कडेला पांढरट-गुलाबी, खडबडीत दाणेदार गाठी आल्या तर बरेचदा ते लिम्फोसिस्टिस असतं. विषाणूमुळे पेशी अवाढव्य फुगतात. याला औषध नाही. पाणी चांगलं असेल तर कित्येकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठी आपोआप जातात, आणि त्या काळात टाकलेल्या औषधाला फुकटचं श्रेय मिळतं. अंगातून, खवल्यांखालून वर येणारी गुळगुळीत गाठ ट्यूमर असू शकते. फायटरमध्ये त्या आढळतात, आणि कित्येक मासे गाठ घेऊन नीट खातात, पोहतात. ड्रॅगनस्केल जातीत जाड खवले डोळ्यावर चढून मासा आंधळा होतो. तेही खरवडायचं नाही. त्याला रोज एकाच कोपऱ्यात खायला द्या, शिकतो तो.

माझी सवय: दर रविवारी, त्याच कोनातून, त्याच प्रकाशात एक फोटो. आठवणीतली गाठ नेहमी वाढलेलीच असते, फोटोतली बहुतेकदा तेवढीच निघते. गाठ कल्ल्यावर दाबायला लागली, खाणं थांबलं किंवा ती फुटून उघडी पडली तर पशुवैद्य. भूल देऊन काढणं हे त्यांचं काम. सगळ्या अंगावरचे खवले उभे राहिले असतील तर ती गाठ नव्हे, ड्रॉप्सी (अंगात पाणी साठून फुगणं) आहे. तेव्हा रविवारची वाट बघू नका.

बाकीच्या, थोडक्यात

औषध टाकताना फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

नवा पर पारदर्शक उगवतो. तो सडत नाहीये.

बदामाचं पान टाका हवं तर. पाणी बदलण्याला तो पर्याय नाही.

रात्रीत शेपटीचा अर्धगोल तुकडा गायब असेल तर बहुधा त्याने स्वतःच चावला आहे. आरसा काढा, प्रवाह कमी करा.

दोन औषधं एकत्र नाहीत. ‘थोडं-थोडं दोन्ही’ हेही नाही.

मासा बरा झाला की मिठाच्या पाण्यातून उचलून थेट टाकीत सोडू नका. दोन-तीन दिवस साधं पाणी मिसळत मीठ उतरवा. तोवर टाकीतल्या प्रत्येक वस्तूवरून एक जुना नायलॉनचा मोजा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे परही फाटेल. बहुतेक वेळा ते प्लास्टिकचं झाड असतं, आणि बहुतेक वेळा ‘पण छान दिसतं’ म्हणून ते परत आत जातं.