लॉनमधली आंबुशी हटत नाही? या चुका टाळा

पाऊस ओसरला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये हमखास ऐकू येतं, “माळ्याने गेल्याच महिन्यात सगळं उपटलं, तरी लॉनभर पुन्हा मेथी उगवली!” ती मेथी नव्हे, आंबुशी. एका देठावर तीन पानं, प्रत्येक बदामाच्या आकाराचं, आणि पाच पाकळ्यांचं पिवळं फूल. शंका असेल तर अंधार पडताना बघा, पानं छत्रीसारखी मिटलेली असतात.

सगळ्यात महागात पडते ती शेंगा पिकल्यावर उपटण्याची चूक. नखाएवढ्या भेंडीसारख्या उभ्या शेंगा असतात. पिकलेली एक शेंग हलकेच दाबून पाहा, बिया तडतडत हातावर उडतात. अशी रोपं ओढून काढली की आपल्याच हातांनी पेरणी होते. शिवाय बी चिकट, मशीनच्या पात्याला लागून शेजारच्या विंगच्या लॉनवरही जातं. म्हणून फुलं दिसताच कामाला लागा. शेंगा धरल्याच असतील तर रोपावर आधी पिशवी घाला, मग उपटा. ते खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नका.

वरवर खेचूनही भागत नाही. फांद्या जमिनीलगत सरपटतात आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतात; मधलं सोटमूळ राहिलं की रोप पुन्हा फुटतं. सर येऊन गेली की माती मऊ असते, तेव्हा अरुंद खुरप्याने मुळासकट काढा.

लॉन गालिच्यासारखं दिसावं म्हणून गवत खरवडून कापतात, तिथे माझा ठाम विरोध आहे. ऊन मातीपर्यंत पोहोचतं आणि उजेड मिळाला की आंबुशीचं बी रुजतं. ती स्वतः मात्र आडवी असल्याने पात्याखालून सुटते. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. टॉवरच्या सावलीत गवत विरळच राहतं, तिथे लॉनचा हट्ट सोडलेला बरा.

ग्लायफोसेट हे तणनाशक मारलंत तर गवतही जळेल. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक गवताला सोडतं, पण जुनी आंबुशी त्याला सहज दाद देत नाही, आणि वाऱ्याने उडालं तर जास्वंद, टोमॅटो कोमेजतात. लॉनमध्ये हरळी असेल तर ती आपली दूर्वाच. गणपतीत मुलं तिथूनच जुड्या खुडतात, त्यामुळे अशा लॉनवर मी तणनाशक नकोच म्हणेन.

आणि नर्सरीतून आणलेल्या कुंड्या लॉनशेजारी ठेवण्याआधी त्यांतली माती तपासा. आंबुशी बहुतेकदा तिथूनच येते.