शाळेचा खर्च उचलायचा असेल तर आधी घरी जाऊन कागद लिहा

दर जूनमध्ये मला तेच फोन येतात. "ताई, आमच्या ऑफिसनं दीडशे दप्तरं घेतलीत, कोणत्या शाळेत वाटायची?" उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून जून जवळजवळ अख्खा वाटपाचाच असतो. मी प्रत्येकाला सांगते, दप्तर सोडून बोला. एकाच घरात तीन संस्थांची तीन दप्तरं खुंटीला टांगलेली मी पाहिली आहेत, आणि त्याच घरातलं पोरगं ऑटोचे पैसे थकले म्हणून घरी बसलेलं.

आम्ही अकराजण पूर्व नागपुरातल्या दोन वस्त्यांमधल्या मुलांचा शाळेचा खर्च बघतो. बरीच वर्षं झाली. पुढचं सगळं दहा-बारा माणसं आणि आठ-दहा मुलं एवढ्या आवाक्याच्या कामासाठी आहे. शहरभराचं काम हाती घ्यायचं असेल तर ते वेगळं तंत्र आहे, ते मला येत नाही.

१. पैसा गोळा करा

दर महिन्याला ठरलेली रक्कम, वेगळं संयुक्त खातं, दर तीन महिन्यांनी सगळ्यांना हिशोब. एकदाच मोठी देणगी देणाऱ्यापेक्षा महिन्याला तीनशे देणारा माणूस या कामात जास्त मोलाचा, कारण खर्च महिन्याला येतो.

आपापसात पैसे काढून भरत असाल तर नोंदणीसाठी अडून बसू नका. बाहेरच्या लोकांकडे देणगी मागायची वेळ आली की मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र मिळालं तरी दोन हजारांच्या वरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

२. मुलं कुठून घ्यायची

एक शाळा किंवा एक वस्ती धरा. यादी मुख्याध्यापकांकडून मागू नका, वर्गशिक्षिकेशी बोला. "गरीब मुलं कोणती?" असं विचारलं की अर्धा वर्ग निघतो. "गेल्या दोन महिन्यांत कोणाची हजेरी घसरली?" असं विचारा. चार-पाच नावं येतात आणि बहुतेक बरोबर येतात.

सातवी ते नववीच्या मुलांना आधी घ्या. याचं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. महापालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं, गणवेश आणि पोषण आहार मिळतो. अनुदानित शाळेतही पुस्तकं आणि आहार आठवीपर्यंतच. नववीत हे सगळं एकाच वर्षी बंद होतं. खासगी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून शिकणाऱ्या मुलाची फीमाफीही आठवीला संपते आणि नववीत पूर्ण फीचा कागद हातात पडतो. पहिलीच्या मुलाला पाटी-वही देणारे पुष्कळ भेटतात. नववीच्या मुलामागं कोणी उभं राहत नाही, आणि नेमकं तेच वय हाताशी काम करायला बोलावलं जाण्याचं असतं.

३. घरी जा आणि खर्चाचा कागद करा

सगळं काम इथं आहे. इथं आम्ही दोन वर्षं चुकलो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही शाळेनं दिलेली चाळीस नावांची यादी घेतली, हॉलमध्ये बॅनर लावला आणि दप्तर, वह्या, कंपास असा संच वाटला. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर वर्गशिक्षिकेचा फोन आला की आठवीतली एक मुलगी पोळ्यापासून येतच नाही. मी घरी गेले. कळमन्याच्या बाजूला पत्र्याची एक खोली. आई मिरचीचे देठ खुडायला जायची, हाताची बोटं लाल होऊन सुजलेली. आम्ही दिलेलं दप्तर खिळ्याला टांगलेलं होतं, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. "दप्तर तं चांगलंच हाये जी ताई," आई म्हणाली, "पण पोरगी जाईन कशी? घर बदललं तं शाळा लांब पडली. ऑटोवाल्याचे दोन महिने राहिले, तो आता घेऊनच नाही जाऊन राहिला." दोन महिन्यांचे चौदाशे रुपये. आमच्या संचाची किंमत त्याच्या निम्मी होती, आणि ती नको त्या जागी गेली होती. आम्ही ऑटोचे पैसे भरले, मुलगी परत आली, पण सहामाही परीक्षा बुडाली ती बुडालीच.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: घरी जाऊन कागद केल्याशिवाय एक रुपयाही निघत नाही.

जायचं संध्याकाळी सातनंतर किंवा कामाला सुट्टी असेल त्या दिवशी. सकाळी गेलात तर घरातलं मोठं माणूस भेटणार नाही, किंवा भेटलं तर तुमच्यामुळं त्याची दिवसाची मजुरी बुडेल. दोघं जा, त्यात एक बाई हवीच. पहिल्या वेळी वस्तीतल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना दारापर्यंत सोबत घ्या, बोलणं सुरू झालं की त्या निघाल्या तरी चालेल. मोबाइल खिशातून काढायचा नाही. चहा पुढं आला तर प्यायचा.

उत्पन्न विचारून सुरुवात करू नका. माणूस लगेच दोन पावलं मागं जातो आणि पुढची सगळी उत्तरं सांभाळून देतो. गेल्या वर्षी शाळेपायी काय काय द्यावं लागलं, ते विचारा. तेही महिन्यांनी नको, सणांनी विचारा. "सप्टेंबरमध्ये किती गेले?" याला उत्तर मिळत नाही. "पोळ्याच्या टायमाला शाळेत काही द्यावं लागलं का? मारबतीच्या नंतर? दसऱ्याच्या आधी? संक्रांतीला गॅदरिंग होतं ना, त्याला?" असं विचारलं की आई एकेक रक्कम सांगत जाते, आणि शेजारी बसलेलं मूल मधेच तिची चूक दुरुस्त करतं.

कागद त्यांच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा. आमच्या कागदावर तीन रकाने असतात: सरकारकडून काय मिळतं, घर काय भरू शकतं आणि काय उरतं. मधला रकाना रिकामा ठेवू नका, घरानं वह्यांचे शंभर रुपये भरले तरी ते लिहा. जिथं आम्ही सगळाच्या सगळा खर्च उचलला, तिथं आईवडील आमच्याशी खालमानेनं बोलायला लागले. जिथं थोडा त्यांचा राहिला, तिथं ते हक्कानं फोन करून "ताई, फीची तारीख आली" असं सांगतात.

अनुदानित शाळेतल्या नववीच्या एका मुलीचा कागद समोर आहे म्हणून सांगते. जूनमध्ये पुस्तकं, वह्या, गणवेश, बूट मिळून ३,१००. ऑटो महिन्याला ७०० प्रमाणे दहा महिने, म्हणजे ७,०००. पोळ्याच्या सुमाराला प्रकल्पाचं साहित्य ३००. गॅदरिंगच्या नाचाचा ड्रेस भाड्यानं २५०. शनिवारच्या पीटीसाठी पांढरे बूट ३५०. जूनमध्ये लागतं ते एकूण ११,००० मधले जेमतेम २८ टक्के. बाकी सगळं नंतर, आणि तेव्हा वाटणारं कोणीच नसतं.

ते पांढरे बूट आईनं सांगितले नव्हते, मुलीनं सांगितले. बूट नसले की शनिवारी रांगेबाहेर उभं करायचे, म्हणून ती शनिवारी पोट दुखतंय म्हणायची. यासाठी मुलाशी पाच मिनिटं वेगळं बोला, पण दारातच, सगळ्यांना दिसेल असं. मुलीशी बाईनंच बोलायचं. महिन्याच्या त्या चार दिवसांत ती शाळेत जाते का, पॅड मिळतात का, हेही विचारायचं, आणि तो खर्च शाळेचाच खर्च म्हणून कागदावर घ्यायचा.

घरातल्या वस्तू मोजू नका. आमच्यातल्या एकानं भिंतीत कूलर दिसला म्हणून एक नाव कापलं होतं. पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली राहणाऱ्यांनी कूलर घेतला, तर त्यात त्यांचं काय चुकलं? मी स्वतः एकदा फ्रीज पाहून मत बनवलं. ती बाई त्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कांड्या करून विकत होती आणि घर त्यावरच चाललं होतं. ते कळायला मला दुसऱ्यांदा जावं लागलं. म्हणून नाव कापायचं असेल तर दुसऱ्या माणसानं पुन्हा घरी जाऊन यायचं, त्याआधी नाही. वडील पितात का, हा प्रश्न मुलासमोर कधीच नाही. आणि त्याच दिवशी "करतो आम्ही" असं म्हणू नका. चार दिवसांत कळवतो म्हणा आणि चौथ्या दिवशी नक्की कळवा, उत्तर नाही असलं तरी.

४. सरकारी हक्काचं आधी मिळवून द्या

गटातल्या एका चिवट माणसाला फक्त हेच काम द्या. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित हवी. वरच्या कागदातली ११,००० ची रक्कम बघा, म्हणजे या एका परीक्षेची किंमत कळेल. म्हणून सातवी-आठवीच्या मुलांची तयारी करून घेणारा एक कॉलेजचा विद्यार्थी शोधा. हा खर्च वह्यांच्या आधी करा. पुढं दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि घरच्यांना वाटतं योजनाच बंद झाली.

पैसे अडकतात ते बहुतेक बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यानं किंवा आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नसल्यानं. हे दोन्ही पहिल्याच भेटीत तपासा. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यात काढा, जूननंतर सेतू केंद्रावर रांग आवरत नाही. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. छत्तीसगड किंवा बालाघाटकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांकडे तो इथं सापडणं अवघड असतं, त्यांचं वर्ष त्यात घालवू नका, सरळ खर्च भरा.

५. पैसे कसे द्यायचे

जिथं देणं आहे तिथं थेट. फी शाळेच्या खात्यात, पावती मुलाच्या नावानं, आणि पावती आईकडे. ऑटोवाल्याला दर महिन्याच्या पाच तारखेला, आगाऊ नाही. तीनशे-चारशेच्या किरकोळ रकमा आईच्या हातात द्या, बिल मागू नका.

वर्षाच्या पैशांपैकी जूनमध्ये एक तृतीयांशाहून जास्त खर्च करू नका. दिवाळीच्या आसपास दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायचा असतो, तेव्हा खातं रिकामं असलं तर जूनमधल्या सगळ्या वह्या वाया. अंतर चार किलोमीटरच्या आत असेल आणि रस्ता बरा असेल तर ऑटोऐवजी जुनी सायकल घेऊन दुरुस्त करून द्या, टायर-ट्यूब नवे टाका.

६. वस्तू

वह्या इतवारीतून ठोक भावात. बूट मुलाला सोबत नेऊन, पायात घालून.

७. वाटपाचा कार्यक्रम

करू नका. स्टेज नको, बॅनर नको, रांगेत उभं करून फोटो नको. आमच्या त्या पहिल्या कार्यक्रमाच्या फोटोत एका मुलानं दप्तर तोंडासमोर धरलं आहे. वर्गातली पोरं नंतर त्याला काय म्हणाली, हे त्यानं मला दोन वर्षांनी सांगितलं. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर नाव झाकून पावतीचा फोटो पाठवा. एवढ्यावर समाधान नसेल तर ती देणगी घेऊ नका. आम्ही दोन नाकारल्या, आमचं काही अडलं नाही.

८. वर्षभर

महिन्यातून एकदा वर्गशिक्षिकेला हजेरी विचारा. सलग चार दिवस गैरहजेरी दिसली की त्याच संध्याकाळी घरी. आठ दिवस थांबलात तर मूल कुठंतरी कामाला लागलेलं असतं.

कुटुंब दुसरीकडं राहायला गेलं तर जुन्या शाळेच्या दाखल्यासाठी मूल घरी बसू देऊ नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलमाचा मराठी कागद छापून सोबत न्या, शांतपणे टेबलावर ठेवा आणि उत्तर लेखी मागा. मला आजवर लेखी नकार कोणी दिलेला नाही.

एप्रिलमध्ये, निकालाच्या आधी, जुना कागद घेऊन पुन्हा त्याच घरी जायचं. कोणते आकडे चुकले ते आईला विचारायचं आणि नवा कागद तिच्यासमोरच लिहायचा.