नीटला बेताचे गुण? कॉलेजांची यादी अशी करा
एमबीबीएसच्या प्रवेशासाठी मागच्या वर्षांचे कटऑफ बघताना गुण नको, रँक बघा. 2024 ला नीटमध्ये 720 पैकी 720 वाले डझनभराहून जास्त होते, 2025 ला पहिला आलेला 686 वर थांबला. मग गुणांची तुलना काय करणार? राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या याद्यांत आपल्या प्रवर्गाची शेवटची रँक फेरीनिहाय शोधा, खास करून शेवटच्या फेऱ्यांची. बेताच्या रँकवाल्यांचं तिथेच जमतं.

कोकणातली अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस (सिंधुदुर्ग) ही तिन्ही सरकारी कॉलेजं यादीत हवीतच. ‘नवीन आहे’ म्हणून नाकं मुरडू नका. मात्र एखाद्या सकाळी तिथल्या ओपीडीत जाऊन गर्दी किती असते ते बघून या. पेशंटच नसतील तर शिकणार कशावर?

त्यानंतर कोकणातलीच डेरवण, पडवे ही खासगी. साडेचार वर्षांच्या फीचं गणित घरात आधी मांडा. संस्थात्मक कोट्याची, म्हणजे कॉलेजच्या वाट्याच्या जागांची फी तर त्याहून बरीच जास्त असते.

फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम आवडीनेच लावा. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालची सीट हातची जात नाही. आणि 70:30 चा प्रादेशिक कोटा (70 टक्के जागा त्या भागातल्या मुलांना, 30 टक्के बाकी राज्याला) 2020 मध्येच रद्द झालाय, तेव्हा ‘आपल्या भागातलं आहे, मिळेल’ या भरवशावर राहू नका.