साय-फाय चिलखतासाठी फोम कुठला घ्यावा?

वेशभूषेसाठी अंतराळ सैनिकाचं चिलखत पहिल्यांदाच करताय? मग सरळ ईव्हीए फोम (रबरासारखा लवचीक फोम) घ्या, तोही दाट. दोन बोटांत दाबून सोडला की लगेच मूळ आकारात यायला हवा. खळगा राहिला तर तो तुकडा दुकानातच राहू द्या. योगा मॅट स्वस्त पडते खरी, पण बहुतेक मॅट इतक्या मऊ असतात की कडा नीट कापल्याच जात नाहीत. छाती-पाठीला 10 मिमी, दंड-पोटऱ्यांना 5 किंवा 6, वरच्या पट्ट्या-बटणांना 2 मिमी पुरे. सनबोर्ड (जाहिरातींच्या फलकांचा कडक, हलका बोर्ड) फक्त सपाट भागाला, वाकवला की मोडतो. थर्माकोलवर साधा स्प्रे पेंट मारूच नका, थर्माकोलच विरघळतो.

रंगाआधी फोमवर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवा. पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं मिटली, पुढे सरका. जोडायला फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद: दोन्ही कडांना लावा, बोटाला लागेनासा झाला की मगच दाबा. एकदा बसलं की सरकवता येत नाही, आणि वास उग्र असतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. कोपर-गुडघ्याच्या आतल्या बाजूला फोम लावूच नये. तिथे काळं स्ट्रेच कापड शिवा.