इंग्रजी वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये नेताना अर्थ हरवत होता : माझा अनुभव

जुन्या गोव्यात मी पर्यटकांना चर्च दाखवतो. सेंट झेवियर मूळचे स्पेनमधल्या नवार्राचे, त्यामुळे त्यांचं शव ठेवलेल्या बॉं जेझुस बासिलिकेत स्पॅनिश पाहुणे येतात. त्यांच्यासाठी माहिती लिहिताना इंग्रजी वाक्प्रचार आले की घोटाळा व्हायचा. जुलैच्या पावसात मी इंग्रजी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चं शब्दशः ‘मांजरं-कुत्री पडताहेत’ असं स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि समोरचे आभाळाकडे बघत राहिले.

भाषांतराचं अ‍ॅप वापरलं, शब्दकोशातून एकेक शब्द जुळवला. उपयोग झाला नाही. फार वैताग आला.

मग जमलं ते असं. आधी इंग्रजी बाजूला ठेवून अर्थ साध्या मराठीत लिहिला : ‘मुसळधार पाऊस पडतोय.’ नंतर द्विभाषिक शब्दकोशात शब्द न शोधता अख्खा वाक्प्रचार शोधला. मिळालं ‘यूएवे आ कान्तारोस’, म्हणजे घागरी ओतल्यासारखा पाऊस. पोर्तुगीजमध्येही ‘आ कान्तारोस’ म्हणतात, तेव्हा घरात पोर्तुगीज येणारी जुनी माणसं असतील तर त्यांना विचारून बघा. शेवटी खात्री : रिआल आकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या मोफत ऑनलाइन कोशात क्रियापद नव्हे, नाम उघडायचं. इथे ‘कान्तारो’. वाक्प्रचार बहुधा नामाखालीच असतात आणि एखादा ठरावीक देशापुरता असेल तर तशी खूणही असते.

याच क्रमाने इंग्रजी ‘पुलिंग समवन्स लेग’चं (शब्दशः पाय ओढणं, म्हणजे थट्टा करणं) ‘तोमार एल पेलो’ झालं (शब्दशः केस घेणं, आपली फिरकी घेणं). इंग्रजीत ‘एक हात नि एक पाय’ मोजून घेतलेली महाग वस्तू स्पॅनिशमध्ये ‘चेहऱ्यावरचा एक डोळा’ घेते. अगदी सोप्या कामासाठीचा इंग्रजी ‘पीस ऑफ केक’, म्हणजे केकचा तुकडा, ‘पान कोमीदो’ होतो, खाऊन झालेला पाव. आपला डाव्या हाताचा मळ.