ॲडमिशन झालं, आता भाषा-गणिताच्या पेपरांसाठी काय जमवाल

दरवर्षी जून-जुलैत शिक्षक व्हायच्या कोर्सला ॲडमिशन घेतलेल्या नवीन पोरापोरींचे मेसेज येतात की दादा, भाषा आणि सुरुवातीचं गणित हे दोन पेपर आहेत, कुठली पुस्तकं घेऊ. मी बारावीनंतरच्या चार वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्सला आहे, पदवी आणि बी.एड. एकत्र, आयटेप म्हणतात तो, आता तिसरं वर्ष चालू आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कागदपत्रांचं पटकन उरकतो. दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर, आधार, सगळ्याचे चार-पाच झेरॉक्स सेट आणि फोटो जरा जास्तच काढून ठेवा, ऐन वेळी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ही रांग असते. आणि एक गोष्ट आधीच बघून घ्या की तुम्हाला नक्की कुठल्या वर्गाला शिकवायचंय. लहान मुलांना शिकवायचं असेल तर फाउंडेशनल स्टेज म्हणजे बालवाडी ते दुसरी, तिसरी ते पाचवी प्रिपरेटरी. माझी मावसबहीण साधं बी.एड. करून बसली, तिला पहिलीचा वर्ग हवा होता, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्राथमिकला बी.एड. चालणार नाही, त्याला डी.एल.एड. सारखा प्राथमिकचाच कोर्स लागतो. दोन वर्षं आणि फीचे पैसे, जाऊ दे. शिवाय पुढे टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहेच, पेपर एकमध्ये गणिताला ३० आणि पहिल्या भाषेला ३० मार्क, म्हणजे हे दोन विषय काही तुमची पाठ सोडत नाहीत.

आता पुस्तकांचं. गाईड घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. बालभारतीची पहिली, दुसरी, तिसरीची मराठी आणि गणिताची पुस्तकं पीडीएफ फुकट मिळतात ती उतरवा आणि खरंच पानं उलटून बघा, आपण शिकलो त्यापेक्षा बरंच वेगळं आहे. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या फुकट वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत, त्यातल्या दहा-बारा फोनमध्ये ठेवा, सरावपाठाच्या आदल्या रात्री शोधायला बसलात तर काहीही सापडत नाही. असर, म्हणजे गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणारा सर्व्हे, त्याची वाचनाची चाचणी, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्यांची, ती मराठीत उपलब्ध आहे, प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या मोहिमेचे आकडेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं आणि ९९९ पर्यंतच्या संख्या, तिसरीला किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंत. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतातच.

पण खरी तयारी पुस्तकाची नाहीच. खरी अडचण ही आहे की आपल्याला वाचता येतं. म्हणजे इतकं सहज येतं की त्यात अवघड काय आहे तेच दिसत नाही. म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधी एक मूल शोधा, सहा-सात वर्षांचं, भाचा, शेजारची चिमी, कोणीही चालेल, आणि आठवड्यातून दोनदा त्याच्याजवळ नुसतं बसा. शिकवायचं नाही हं. फक्त ऐकायचं आणि तो जे चुकतो ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, दुरुस्त न करता. मी पहिल्या वर्षी एका मुलीला 'कमळ' वाचायला दिलं, ती बोट ठेवून म्हणाली क... म... ळ..., मी विचारलं काय झालं, म्हणाली फूल. चित्र होतं ना शेजारी! तिन्ही अक्षरं बरोबर आणि शब्द गायब. मी तेव्हा वहीत 'वाचता येतं' असं लिहून मोकळा झालो होतो, आमच्या मॅडमनी ते वाक्य खोडून फक्त प्रश्नचिन्ह काढून परत दिलं.

आपली लिपी मुलाच्या नजरेने एकदा बघाच, त्यासाठी एक रविवार द्या. पहिली वेलांटी लिहितो आधी आणि बोलतो नंतर. 'र' तर बहुरूपीच आहे, सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या, चार शब्द लिहा आणि चारही ठिकाणी र कुठे गेला ते दाखवा बघू कोणाला. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च वेगळा, लिहायला एकच. आणि वर्गातल्या सगळ्यांच्या घरी पुस्तकातली मराठी बोलतात असं तर मुळीच धरू नका, मेळघाटात कोरकू आहे, नंदुरबारकडे पावरी, गडचिरोलीला गोंडी-माडिया, तुमचा सराव कुठे पडणार ते कळलं की तिथल्या भाषेतले पन्नासेक शब्द तरी तिथल्याच माणसाकडून लिहून आणा. मुलं आपल्या भाषांत वाचायला-लिहायला कशी शिकतात यावर पालघरमधल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरला कन्नड शाळांमध्ये बरीच वर्षं मोठं संशोधन झालंय, लिरिल नावाने, लायब्ररीत नाहीतर नेटवर शोधा, आपल्या वर्गांबद्दल लिहिलेलं वाचायला मिळणं म्हणजे चैन आहे, बाकी सगळी उदाहरणं इंग्रजी ए फॉर ॲपलची.

गणिताला घाबरणारे जास्त असतात, निम्मा वर्ग दहावीनंतर गणित सोडून आलेला असतो, त्यांना सांगतो की इथे समीकरणं नाहीयेत. इथे पंचवीस आहे. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतो आणि लिहिताना आधी २, मग पोरगं ५२ लिहितं तर चूक कोणाची? एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, नावात तीस आणि लिहायचं २९. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' आलं तेव्हा केवढी टिंगल झाली, मीपण फॉरवर्ड केले होते जोक, खोटं कशाला बोलू. आता वर्गात बसून ऐकल्यावर वाटतं की मुद्दा चुकीचा नव्हता. तुम्ही २१ ते ९९ ची नावं एका कागदावर लिहून काढा आणि कुठली कानाला फसवतात त्यावर खूण करा, हा अभ्यास कुठल्याच गाईडमध्ये नाही.

चुकांची वही इथेही चालवा. एकशे पाच म्हणजे १००५. ४२ वजा १७ म्हणजे ३५, कारण सातातून दोन गेले, मोठ्यातून छोटं वजा करायचं हे त्याला कोणीतरी पक्कं शिकवलंय. एक मुलगा होता, आई बाजारात भाजी विकायची, १५ ची जुडी, तीन जुड्यांचे किती म्हटल्यावर माझं वाक्य संपायच्या आत पंचेचाळीस. पाटीवर १५ गुणिले ३ दिलं तर ३१५ लिहिलं, तीन पाचे पंधरा, तीन एके तीन, झालं. मी म्हटलं अरे तीनशे पंधराची मेथी घेईल का कोणी, तर तो शांतपणे म्हणाला, सर ते बाजारातलं, हे शाळेतलं. मी त्या दिवशी डबा न खाता घरी आलो.

आणि हे दोन पेपर वेगळे वेगळे अभ्यासू नका. रमाकडे ८ पेरू आहेत, ते सीमापेक्षा ३ ने जास्त आहेत, सीमाकडे किती? 'जास्त' दिसलं की मुलं ११ करतात. हे गणित चुकलं की वाचन चुकलं? यावर आमच्या वर्गात पाऊण तास भांडण झालं होतं, बेल झाली म्हणून थांबलं.

साहित्य महागडं घेऊ नका. दुकानातल्या रंगीत किटवर मी बाराशे रुपये घालवले, मुलं त्यातल्या डब्याशीच खेळत बसली. चिंचोके पाव किलो, आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे रंग बदलून ओवलेली शंभर मण्यांची माळ, खेळण्यातल्या नोटा, बस. खडूने फळ्यावर लिहायचा सराव मात्र आत्तापासून करा, वहीतलं अक्षर मोत्यासारखं असलेल्यांची ओळ फळ्यावर उतरणीला लागते. पाठ टाचण आदल्या दिवशीच लिहून मेथडच्या, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या, सरांची सही घ्या. शाळेत मुलांचं वाचन रेकॉर्ड करायचं असेल तर मुख्याध्यापकांना आधी विचारा, न विचारता फोन काढला की बाहेर काढतात आणि बरोबरच करतात.

हां, आणि काड्यांचे दशक बांधायला रबर लागतात, ते शंभरऐवजी दीडशे घ्या, निम्मे मुलांच्या मनगटावर बसून घरी जातात.